चौकटीतला दांडा

दांडा दोन्ही हातांनी गच्च पिळत ती म्हणाली, "बाबा, स्टूल हलू देऊ नका."

स्टूल हलत नव्हतं, तीच हलत होती. तरी त्यांनी स्टुलाचे पाय आणखी घट्ट धरले. स्वयंपाकघराच्या दारात, चौकटीच्या दोन बाजूंमध्ये ती तो लोखंडी दांडा बसवत होती. फिरवला की तो लांब होतो आणि लाकडावर दाबून बसतो. मग त्याला लटकायचं आणि हनुवटी वर येईपर्यंत अंग ओढायचं.

"हे काय लोंबकळायचं वय आहे?" असं त्यांच्या अगदी ओठांवर आलं होतं, पण त्यांनी ते गिळलं. लेक नवऱ्याचं घर सोडून आल्यापासून ते तिच्याशी जपूनच बोलत. तसं दोघांचं बोलणं नेहमी तिच्या आईमार्फतच व्हायचं. बाबांना सांग, बबडीला विचार. आणि आई नेमकी बहिणीकडे राहायला गेलेली. आयुष्यभर बस चालवलेल्या माणसाला मागे वळून गप्पा मारायची सवय नसते.

ती स्टुलावरून उतरली, दांडा धरला आणि पाय उचलले. क्षणभर लटकली, मग एक टोक सर्रकन घसरलं आणि ती दाणकन जमिनीवर बसली.

"लागलं?"

"नाही." मग कंबर चोळत, "थोडंसं."

त्यांनी चौकटीवरच्या ओरखड्यावर अंगठा फिरवला. दांड्याची टोकं बसतील अशा दोन लोखंडी वाट्या खोक्यात तशाच पडल्या होत्या. त्या उचलून ते आत गेले आणि ड्रिल मशीन घेऊन आले.

"नको, बाबा! भोकं पडतील. खोली मिळाली की मी हा घेऊन जाणार आहे."

"पडू देत."

"चौकट खराब होईल."

"चौकटीचं काय घेऊन बसलीस!"

ती सगळे स्क्रू बसेपर्यंत दांडा धरून उभी राहिली. भुवयांवर भुसा घेऊन ते आधी स्वतःच लटकले. गुडघे वाकवलेले, सदरा वर सरकून पोट उघडं पडलेलं. तिला हसू आवरेना.

"हसतेस काय? हे पोतं पेललं, तुझं काय घेऊन बसलीस!"

मग ती लटकली. कोपरं जराशी वाकली आणि तिथंच अडली. पुन्हा प्रयत्न केला. चेहरा लालबुंद झाला. तिसऱ्या खेपेला ती खाली उतरली आणि तळहातांकडे बघत राहिली.

"तिकडे माळ्यावरची बॅग काढायलासुद्धा मला त्याला हाक मारावी लागायची," ती म्हणाली. "निघाले त्या दिवशीही."

"मग?"

"दिली की काढून. हसत हसत."

हे बहुधा तिच्या आईलाही ठाऊक नव्हतं. ते थोडा वेळ ड्रिलची वायर गुंडाळत राहिले. मग ती तशीच खाली ठेवून म्हणाले, "धर पुन्हा."

तिनं दांडा धरला. त्यांनी हात पँटला पुसले, जरा घुटमळले, मग मागून तिचे गुडघे कवेत घेतले. ती शाळेत जायला लागल्यापासून त्यांनी तिला उचललं नव्हतं.

"ओढ."

"ओढतेय!"

ओढत होती, ते त्यांना हातांत कळत होतं. हळूहळू तिची हनुवटी दांड्याच्या वर गेली.

"बाबा, चौकटीवर केवढी धूळ आहे!"

"असू दे. आईला सांगू नकोस."

ती हसली. हसता हसता तिचं अंग सैल पडलं आणि सगळा भार त्यांच्या हातांवर आला. तिची पाठ हलत होती. आवाज मात्र काहीच येत नव्हता.

"सोडू का खाली?" त्यांनी विचारलं.

"जरा थांबा ना, बाबा."

त्यांचे दंड थरथरायला लागले होते. त्यांनी पाय थोडे फाकवले, पकड नीट केली आणि गाल तिच्या पाठीला टेकवला.

"घाई नाही," ते म्हणाले.