पहिल्या चौकटीतला गुलाब

इमारतीच्या बाल्कनी स्पर्धेत तळमजल्यावरच्या बाबांची कुंडी पहिली येणार असं कुणी म्हटलं असतं, तर लोकांनी त्याला आधी डोळे तपासून घ्यायला सांगितलं असतं. कुंडीत गुलाब होता, पण गुलाब म्हणायचा तो निव्वळ काट्यांवरून. बाबांची बायको गेल्यापासून त्याला एकही फूल आलं नव्हतं. बाबा त्याला पाणी घालत, त्याच्याशी दोन शब्द बोलत आणि मग खुर्चीत बसत, ते थेट जेवायला उठत.

स्पर्धेचं वेबपान बनवलं होतं त्यांच्या सुनेनं. सासूबाई गेल्यावर बाबा एकटे पडले, म्हणून ती आणि तिचा नवरा इकडे राहायला आले. त्यात तिची नोकरी सुटली. रिकामं बसून ती इतकी कावली होती, की सोसायटीच्या सेक्रेटरींनी "तुम्हाला जमेल का हो एक पान?" असं विचारताच त्यांचं वाक्य संपायच्या आत ती हो म्हणाली.

पान साधंच होतं. एकेका बाल्कनीचा फोटो एकेका चौकटीत, खाली ‘आवडली’ असं बटण, आणि सगळ्यांत वर एक पट्टी. सध्या आघाडीवर कोण आणि त्याला मतं किती, एवढंच ती पट्टी सांगायची. बाकीच्यांचा हिशेब निकालापर्यंत गुप्त. दिवसाला एका फोनवरून एक मत.

पहिल्याच दिवशी पट्टीवर तळमजला झळकला आणि तिथून हलला नाही.

मग लोक कुंडी बघायला येऊ लागले. येत, बघत, गोंधळत, आणि गोंधळ लपवायला चहा घेत. "यात काहीतरी असणार, आपल्यालाच कळत नसेल," असं दुसऱ्या मजल्यावरचे प्राध्यापक खाली वाकून म्हणाले. बाबा रोज दाढी करू लागले. पाहुण्यांना खुर्ची देऊन स्वतः उभे राहू लागले. सुनेला हे बघून इतका आनंद झाला, की कुंडीकडे नीट बघायचं तिला सुचलंच नाही.

निकालाच्या दिवशी सकाळी तिनं पूर्ण तक्ता उघडला आणि तो पुन्हा एकदा वरपासून खालपर्यंत वाचला. तळमजल्याला सगळी मतं. बाकी सगळ्यांना शून्य. तिसऱ्या मजल्यावरच्या शिंपीणबाईंची बाल्कनी म्हणजे लांबून भुंगे पत्ता विचारत यावेत अशी, तिलाही शून्य. म्हणजे या इमारतीत एकाही माणसानं स्वतःला मत दिलं नव्हतं. एवढी थोर माणसं एका जिन्यावर राहत नसतात.

चूक सापडायला वेळ लागला नाही. पानावरच्या सगळ्या चौकटींना कोडमध्ये ओळखीसाठी तिनं एकच आडनाव दिलं होतं. बटण दाबलं, की त्या बटणाच्या जवळची चौकट शोधायची, असं स्क्रिप्टला सांगायला हवं होतं. तिनं त्याऐवजी लिहिला होता क्वेरीसिलेक्टर नावाचा हुकूम. तो बिचारा पानाच्या दारात उभा राहून आडनावानं हाक मारतो आणि जो पहिला दिसेल त्यालाच घेऊन येतो. पहिला कोण, तर तळमजला. बटण कुणाचंही दाबा, मत बाबांना. आणि तपासताना तिनं दर वेळी दाबलं होतं ते आपल्याच घरचं बटण. आकडा वाढला की स्वतःवरच खूश.

दुरुस्ती एका ओळीची होती. बाबांना सांगणं मात्र तिला जड जात होतं. बाबा पुन्हा त्या खुर्चीत जाऊन बसले तर? या विचारानं तिला रडू यायला लागलं. पण पहिल्या बक्षिसाचा कप खरा शिंपीणबाईंचा होता, आणि तो बाबांच्या हातात बघायला तिचं मन घेईना.

बाबा शर्टाला इस्त्री करत होते.

"बाबा, एक सांगायचंय. रागावू नका."

"बोल."

"तुमची मतं तुमची नाहीत. माझी चूक झाली. सगळ्यांची मतं तुमच्याच खात्यात पडली."

बाबांनी इस्त्री उभी केली. "माहीत आहे मला."

"म्हणजे?"

"मी रोज शिंपीणबाईंना मत देतोय. दिलं, की पट्टीवर माझाच आकडा वाढतो. पहिल्या दिवशी वाटलं, बोट घसरलं असेल. रोज रोज कसं घसरेल? काल तर चष्मा लावून दाबलं."

"मग सांगितलं का नाहीत?"

बाबा कॉलर सरळ करत राहिले. "पान चालू झालं, त्या दिवशी तू स्वयंपाकघरात गाणं गुणगुणत होतीस. किती महिन्यांनी या घरात कुणी गुणगुणलं. मी म्हटलं, आपल्याला काय, मूग गिळून बसू. आज कप मिळाला, की तिथल्या तिथे शिंपीणबाईंच्या हातात देणार होतो. त्यासाठीच तर ही इस्त्री."

ती आधी हसली, मग रडली, मग दोन्ही एकदम. बाबांनी इस्त्री बंद करून तिला पाणी दिलं.

"चल, सेक्रेटरींकडे जाऊ," ते म्हणाले. "मीही येतो. एकटीनं बोलणी खाऊ नकोस."

सेक्रेटरींनी कपाळाला हात लावला, पण ते ओरडले नाहीत. प्राध्यापक म्हणाले, "तरीच!" सगळे आकडे पुसून आणखी एक दिवस मतदान ठेवलं. सुनेनं आधी सगळ्या चौकटींची बटणं एकेक करून दाबून पाहिली, मग पान खुलं केलं.

"तू कुणाला दिलंस?" बाबांनी विचारलं.

"खरं सांगू? शिंपीणबाईंना."

"शाबास. मीही."

दुसऱ्या दिवशी निकाल लागला. शिंपीणबाई दणक्यात पहिल्या आल्या. सुनेनं भीत भीत तळमजल्याची ओळ बघितली. तीन मतं.

"तीन? आपण तर दिली नाहीत," बाबा म्हणाले. ते संगणकाच्या पडद्याजवळ गेले, चष्मा काढला, पुसला, पुन्हा लावला. "पोरी, नीट तपास. पुन्हा काही घोळ नाही ना?"

तिनं तपासलं. कुणी तिघांनी त्या काट्यांच्या झाडाकडे बघून मनापासून बटण दाबलं होतं.

इतके दिवस पट्टीवर एवढा मोठा आकडा होता, पण बाबांनी त्याचा विषय कधी कुणाजवळ काढला नव्हता. त्या दिवशी मात्र जिन्यात जो भेटेल त्याला ते थांबवून सांगत होते, "आम्हाला तीन पडली."