अंतरपाट आणि काकाचा खांदा

लग्न ठरलं त्याच दिवशी अवंतीने रत्नाकरला बजावलं, "काका, अंतरपाट तुम्हीच धरायचा." त्यांच्या घराण्यात तो मान काकाचाच. त्यातून ही पुतणी कॉलेजसाठी धार सोडून देवासला त्याच्याकडे राहिलेली. मूलबाळ नसलेल्या रत्नाकर-सुरेखाचा सगळा जीव तिच्यात. नाही म्हणायचा प्रश्नच नव्हता.

प्रश्न होता खांद्याचा. उजवा हात वर गेला की आतून कळ यायची, आणि हा शूर माणूस बनियन घालतानाही "आई गं" करायचा. कारखान्यात वर्षानुवर्षं डोक्यावरचे व्हॉल्व्ह फिरवल्याची ही बक्षिसी. इंदूरहून फिजिओथेरपी शिकून आलेल्या गल्लीतल्या कोमलने हात सगळ्या बाजूंनी फिरवून पाहिला. म्हणाली, "काका, हात वर केला की आतला स्नायू हाडाखाली दबतो. खांद्यामागचे मसल्स मजबूत केले तर जगह बनेल. पण जोर बिल्कुल नाही लावायचा."

व्यायाम काय, तर कोपर अंगाशी धरून, काखेत टॉवेलची गुंडाळी दाबून, दाराच्या कडीला बांधलेला रबरी पट्टा हळूच बाहेर ओढायचा. रत्नाकरला हा पोरखेळ वाटला. त्याने स्कूटरची जुनी ट्यूब कापून कडीला बांधली आणि दम लागेपर्यंत ओढली. व्हायचं तेच झालं. चहाचा कपसुद्धा डाव्या हाताने उचलायची पाळी आली.

सुरेखाने ती ट्यूब भंगारवाल्याला देऊन टाकली. मग रोज सकाळी भाजी चिरत ती त्याच्यासमोर बसू लागली. त्याचा खांदा कानाकडे चढला की बोलायची नाही, नुसती सुरी दाखवायची. रत्नाकर कुरकुरायचा, खरं तर त्याला ते फार आवडायचं. हळूहळू हात वर जाऊ लागला, बनियन मुकाट्याने अंगात जाऊ लागलं.

धारच्या मांडवात त्याने अंतरपाट झोकात धरला. भटजींची मंगलाष्टकं निभावली. पण माळव्यातल्या मराठी लग्नात तेवढ्यावर भागतं कुठे! बदनावरच्या यमुनाआत्या स्वतः रचलेली कडवी घेऊन उभ्या राहिल्या. त्यांत मुलीकडच्या एकूणएक माणसाचं नाव गुंफलेलं. आजोबा झाले, मामा झाले, मावश्यांची रांग सुरू झाली, आणि खांदा ठणकू लागला. आता सोडलं तर पोरीला दिलेला शब्द गेला, या विचाराने रत्नाकरने दात आवळले. कापड थरथरलं.

"काका, दुखतंय ना? काकूला द्या," अवंती कुजबुजली.

"तू समोर बघ."

"समोर तुमचा अंतरपाटच आहे!"

रत्नाकरला हसू फुटलं, आणि हसताना हट्ट कुठे टिकतो? "सुरेखा, धर गं," तो म्हणाला. त्या घरात बाईमाणसाने अंतरपाट आजवर धरला नव्हता. भटजींच्या भुवया वर गेल्या. आत्या मात्र मावश्यांत रमलेल्या. सुरेखाने पदर खोचला आणि त्याच्याकडचं टोक हातात घेतलं.

कुणीतरी रत्नाकरच्या रिकाम्या हातात अक्षता दिल्या. आजवर इतक्या पुतण्यांची लग्नं झाली, पण अंतरपाट धरणाऱ्याला अक्षता टाकायला मिळत नाहीत, हे त्याच्या कधी ध्यानातच आलं नव्हतं. शेवटचं 'सावधान' झालं, सुरेखाने कापड खाली घेतलं. नवऱ्याकडे बघायचं सोडून अवंतीने आधी काकाकडे पाहिलं. कोपर अंगाशी ठेवूनच त्याने अक्षता उडवल्या. त्या तिच्या केसांत जाऊन बसल्या, आणि रत्नाकर सगळ्यांदेखत ढसाढसा रडला.