नागेशकाकांचा गुडघा

मित्रांनो, मी एक जुनी पेटी आहे. तुम्ही मला हार्मोनियम म्हणत असाल, तर तसं म्हणा. पुण्यातल्या एका कारागिराने मला सागवानातून घडवलं आणि एस.टी.च्या टपावर बसून मी इंदापूर तालुक्यातल्या अंथुर्ण्याला आले. इथल्या छोट्याशा चर्चमध्ये मी तीस वर्षं गाते आहे आणि एकही रविवार बुडवलेला नाही. संजीवनीबाई मला वाजवतात, शेजारी नागेशकाका ढोलकी धरतात.

काका वाजवायला लागले की म्हाताऱ्यांचेही पाय ठेका धरायचे. गावात त्यांची ट्रॅक्टरच्या ट्रॉल्या बनवायची शेड आहे. आठवडाभर पत्रा ठोकायचा आणि रविवारी ढोलकी, एवढंच त्यांचं जग.

पण दोन वर्षांपासून कुरबुर सुरू झाली. चर्चच्या दारात कुणी "सलाम, नागेशकाका" म्हटलं, तर काका सरळ पुढे निघून जायचे. आमच्या मंडळीत सलाम न घेणं म्हणजे तोंडावर दार लावण्यासारखं. "ढोलकीनं डोक्यात हवा गेलीया त्यांच्या," मंडळीतले जुने झुंबरमामा म्हणाले. खोटं कशाला बोलू, मलाही तसंच वाटलं. वर काका वाजवताना उजवा गुडघा माझ्या अंगाला टेकवून बसायचे. मी मनात म्हणायचे, या माणसाला जरा सरकून बसायला काय होतं?

यंदा कापणीचा सण जवळ आला. त्या दिवशी घरोघरचं पहिलं पीक वाजतगाजत देवापुढं आणतात. गाण्याची जबाबदारी सुप्रियाकडे होती. कॉलेजात शिकवणारी, कडक शिस्तीची बाई. तिने नवा माइक आणला आणि त्याला जागा हवी म्हणून काकांना माझ्यापासून चार हात लांब बसवलं. झालं, तालाचा पार बोजवारा उडाला. मी एकीकडे, ढोलकी भलतीकडे. तीन सराव झाले, तरी तेच.

शेवटी सुप्रिया काकांसमोर गेली. "काका, सणाला ढोलकीच्या जागी आपल्या गाणाऱ्या पोरींतली श्रेया इलेक्ट्रिक पॅड वाजवंल. तुमी आराम करा." काकांनी तिच्या ओठांकडे बघितलं, मान हलवली आणि ढोलकीला गवसणी घालायला घेतली.

तेवढ्यात वीज गेली. माइक बंद, पॅडही बंद. संजीवनीबाईंनी हातानेच सगळ्यांना जवळ बोलावलं. काका आले, सवयीने गुडघा मला टेकवला, डोळे मिटले आणि वाजवू लागले. ठेका कसा लख्ख! मध्येच संजीवनीबाईंना ठसका लागला आणि माझा भाता थांबला. बाकीचे गातच राहिले. काकांची ढोलकी मात्र तिथल्या तिथं थांबली.

सुप्रियाची नजर त्यांच्या गुडघ्यावर गेली. तिने मागून हाक मारली, "काका." मग मोठ्याने मारली. काका वळले नाहीत. ती पुढे येऊन त्यांच्यासमोर मांडी घालून बसली आणि कानाकडे बोट करून म्हणाली, "ऐकू येत न्हाय व्हय तुमाला?"

"दोन वर्सं झाली," काका म्हणाले. "पत्रा ठोकून ठोकून कान गेलं. हिच्या लाकडातनं गुडघ्याला कळतं, त्यावर वाजवतो. सांगितलं असतं तर ढोलकी काढून घेतली असती तुमी."

आणि आत्ताच ती काढून घेतली होती की. मला तर मेल्याहून मेल्यासारखं झालं. दोन वर्षं एक माणूस माझ्या अंगाला टेकून ऐकत होता आणि मी त्याला मनातल्या मनात ढकलत होते. सुप्रियाला रडू आवरेना. झुंबरमामांनी हात जोडले. "प्रभू, तुला माणसाच्या आतलं दिसतं. आमी सलामावरच अडून बसलो. माफी असू दे."

सणाला माइक लांब गेला आणि काका जवळ आले. डाळिंबांच्या, भेंडीच्या पाट्या डोक्यावर घेऊन बायका अशा ठेक्यात आल्या की चर्चचे धर्मगुरू, आमचे पाळकसाहेबसुद्धा टाळ्या वाजवू लागले. नंतर सुप्रियाने स्वतः काकांना बारामतीला नेऊन कानाचं मशीन बसवून आणलं. पहिल्याच रविवारी ते मशीन घालून काका म्हणाले, "ही पेटी जरा बेसूर हाय की." सगळं चर्च पोट धरून हसलं. मी रागावले नाही, मला तर आनंदच झाला.

मित्रांनो, उद्या कुणी तुमच्या सलामाला उत्तर दिलं नाही, तर लगेच रुसून बसू नका. दोन पावलं पुढे जाऊन त्यांच्यासमोर उभे राहा आणि प्रेमाने विचारा. आम्हाला विचारायला दोन वर्षं लागली, तुम्ही तेवढी लावू नका.