अर्धा दोरा परतीचा

“तारानं हातात घेतलेलं काम आणि तडीला गेलेलं काम, ही दोन वेगळी गावं हायती. मधनं मोटार जात न्हाय,” नेमगोंडा म्हणाला आणि सगळं घर हसलं.

संक्रांतीचा दिवस होता. घर निपाणीजवळच्या एका खेड्यातलं. तारामती बारा वर्षांची, नेमगोंडा तिचा थोरला चुलतभाऊ. त्याला खोटं पाडायची सोय नव्हती. एका कानाची लोकरीची टोपी, निम्मेच मणी ओवलेलं तोरण, तीन पाकळ्यांवर थांबलेलं गुलाबाचं फूल, हे सगळं तिच्या पेटीत वर्षानुवर्षं पडून होतं. पण आज बोलणं निघालं होतं ते ग्रंथाच्या वेष्टनावरून.

त्या घरात हातानं लिहिलेला एक जुना ग्रंथ होता. ज्येष्ठातल्या श्रुतपंचमीला बस्तीत, म्हणजे गावच्या जैन मंदिरात, घरोघरचे ग्रंथ नेत, पानं पुसत, जुनी वेष्टनं काढून नवीन कापडात बांधत. ह्या घराची आणखी एक रीत होती. ज्याच्या हातचं नवं वेष्टन, त्यानंच जुन्याची गाठ सोडायची, सगळ्यांसमोर पहिलं पान मोठ्यानं वाचायचं आणि मग ग्रंथ नव्यात बांधायचा. तीन वर्षं हा मान नेमगोंडाकडे होता. तो निपाणीच्या बाजारातून कापड आणी, चार कडा दुमडून शिवी, झालं वेष्टन. घरातल्या कुठल्याच मुलीनं ते पान कधी वाचलं नव्हतं. कुणी मनाई केली होती असं नाही. कुणी मागितलंच नव्हतं.

“यंदा मी करणार,” तारामती म्हणाली होती. त्यावर ते मोटारीचं बोलणं.

आप्पाण्णा, तिचे आजोबा, तेवढे हसले नाहीत. त्यांच्या डोळ्यांत मोतीबिंदू उतरला होता. ते आवाजाच्या रोखानं वळले आणि म्हणाले, “कर की. पण पंचमीच्या सकाळी पुरं झालेलं पायजे. अर्धं वेष्टन ग्रंथाला घालत न्हाईत, बाळ. तुझं राहिलं तर नेमगोंडाचं घालू.”

तारामती शाळेसाठी बेळगावजवळ शहापुरात राहायची, कमलाआत्याकडं. आत्याच्या गल्लीत दिवसभर मागांची खटखट असे. गल्लीच्या टोकाला राजाक्का राहायची. विणकराची विधवा, साठीची बाई. शाळा सुटली की तिच्या सोप्यावर पाच-सहा मुली कसुती शिकायला जमत. कापडावर काही न रेखता, त्याचे धागे मोजत मोजत भरायचं हे काम. राजाक्काच्या अटी दोनच होत्या. सुई आपली आणायची, आणि उसवायला सांगितलं की तोंड वाकडं करायचं नाही.

“ग्रंथाचं वेष्टन?” राजाक्का म्हणाली. “मग ऐक. गाठ मारायची न्हाय, कुठंच. दोरा पुढं जाताना टाक्याचं एक घर भरायचं, एक सोडायचं. येताना सोडलेली घरं भरत त्याच वाटंनं परत यायचं. मागची बाजू पुढच्यासारखी दिसली पायजे. ग्रंथाला काय पुढचं न् काय मागचं?”

दुसऱ्या महायुद्धाच्या लढाईचे दिवस होते. परदेशी दोऱ्यांच्या लडी बाजारातून गायब झाल्या होत्या, साध्या रंगीत सुतालाही रांग लावावी लागे. राजाक्काची पेठ मात्र तिच्या कोनाड्यातच होती. लुगडं मागावरून कापून उतरवलं की ताण्याची, म्हणजे उभ्या धाग्यांची, टोकं मागावर उरतात, हातभर, कधी दीड हात. शेजारचे विणकर ती टोकं तिला आणून देत आणि ती एका मडक्यात साठवी. शहापुरी लुगड्याचं अंग सुती, काठ रेशमी. राजाक्कानं मडकं पालथं केलं आणि काठाकडचे डाळिंबी, चमकदार धागे निवडून तारामतीच्या ओंजळीत ठेवले.

“देवाचं काम हाय. चांगल्यातलं चांगलं घे. सुती राहू दे तितंच, ते नव्या पोरींना गिरवायला.”

आत्यानं जाड पांढरं हातमागाचं कापड दिलं. चारी कडांना सात सात कमळं, कोपऱ्यांत चार हत्ती, असं ठरलं. पहिलं कमळ तारामतीनं चार वेळा उसवलं. पाचव्यांदा राजाक्कानं कापड उलटं केलं, पुन्हा सुलटं केलं आणि परत दिलं. तिच्याकडची शाबासकी तेवढीच असे. शाळा सांभाळून अक्षय तृतीयेपर्यंत वीस कमळं आणि तीन हत्ती झाले. तारामतीच्या आयुष्यात कुठलंच काम एवढ्या लांब आलं नव्हतं.

अक्षय तृतीयेला आप्पाण्णा आत्याकडं आले. उसाचा रस झाला, फराळ झाला. तारामतीनं वेष्टन त्यांच्या मांडीवर ठेवलं. दिसत नव्हतं म्हणून ते बोटांनी बघू लागले. हत्तीच्या सोंडेवरून बोट गेलं, कमळावर आलं, आणि तिथंच थांबलं.

“दोरा कसला, बाळ?”

“राजाक्कानं दिला. लुगड्याच्या काठाचा.”

“रेशीम हाय हे.”

“व्हय, आज्जा. चांगल्यातलं चांगलं.”

आप्पाण्णांनी कापडावरचा हात काढून घेतला नाही. आवाजही चढवला नाही. “लई चांगलं भरलंयस. मागनं-पुढनं सारखं लागतंय. पण एवढ्या धाग्यासाठी किती किडे उकळत्या पाण्यात गेले असतील? ज्या ग्रंथात कुणाचा जीव घेऊ नका म्हणून लिवलंय, त्यालाच हे कसं घालायचं?” मग म्हणाले, “माझ्या लग्नात मी पण रेशमी धोतर नेसलतो. कळलं तवा सोडलं. तुला आज कळलं. यात तुझा गुन्हा काय न्हाय.”

तारामतीला रडू आलं नाही, राग आला. कुणावर ते ठरेना. तिनं कापडाची घडी घातली आणि तडक राजाक्काचं घर गाठलं.

राजाक्कानं सगळं ऐकून कपाळाला हात लावला. “अगं माझे बाई! आमच्यात रेशीम म्हंजे सोवळं. देवघरात सुती चालत न्हाय, रेशीम चालतं. मला वाटलं सगळ्यांच्यात तसंच.” ती उठून पायरीवर आली. “चूक माझी. आण हिकडं, उसवायला मी बसते.”

“नको. माझ्याच हातचं पायजे ते. उसवणं पण.”

राजाक्का तिच्याकडं बघत राहिली. संक्रांतीला आलेली मुलगी उसवायला सांगितलं की पाय आपटायची. “पंचमीला किती दिवस?”

“एकतीस. त्यातला एक गावाला जाण्यात.”

“अठ्ठावीस कमळं, चार हत्ती. रात्री दिवा लावून–”

“आमच्यात दिव्यापाशी काम करत न्हाईत. दिव्यावर किडे येऊन मरत्यात. उजेड हाय तवर काय ते.”

“अवघड हाय गं.”

“सूत हाय का तुमच्याकडं?”

तेव्हा कुठं राजाक्काला हसू आलं. ती आत गेली आणि ते मडकं घेऊन आली. चार महिने बाजूला सारलेले सुती धागे तळापर्यंत दाबून भरले होते. रंगांत बहुतेक काळा, चंद्रकळा लुगड्यांचा. एक धागा भिजवून तिनं पांढऱ्या चिंधीवर दाबून धरला. चिंधी पांढरीच राहिली. “रंग पक्का हाय. सगळंच काळं होईल, चालंल न्हवं?”

“चालतंय.”

उसवायला तीन दिवस गेले. डाळिंबी रेशीम निघालं, पण कापडावर सुईच्या भोकांची बारीक वाट राहिली. निदान मोजायचा त्रास वाचला, असं तारामतीला वाटलं. पण सुताचा पाठ वेगळाच होता. रेशमाचे धागे दीड दीड हात होते. हे बहुतेक हातभरच. पहिल्याच कमळात ती भराभर पुढं गेली आणि वरच्या पाकळीच्या टोकावर दोरा संपला. परत यायला काही उरलंच नव्हतं. नवा दोरा मधेच जोडला तर मागं गाठीसारखा फुगवटा दिसू लागला. दुसऱ्या कमळाला तेच. तिसऱ्याला तेच. दिवस मावळला आणि हातात एकही कमळ नव्हतं.

आत्या म्हणाली, “तारा, नेमगोंडा शिवंल वेष्टन. पुढल्या वर्षी कर की तू.”

तारामतीच्या डोळ्यांसमोर पेटीतली ती एका कानाची टोपी आली. “पुढल्या वर्षी पण करीन,” ती म्हणाली. “यंदा पण.”

सकाळी राजाक्कानं पानाच्या डब्यातली चुन्याची डबी उघडली. दोरा दुमडून त्याचा मध्य काढला आणि बोटानं तिथं चुन्याचा ठिपका दिला. काळ्या दोऱ्यावर पांढरा ठिपका.

“दोरा तुझा अर्धाच हाय असं समज. उरलेला अर्धा परतीचा. ठिपका कापडापाशी आला की फिरायचं. कमळ कुठवर आलंय ते बघायचं न्हाय, पाकळी निम्मी ऱ्हाऊ दे. पुढचा दोरा तितनंच उचलील.”

“मग एका कमळाला चार दोरे लागतील.”

“लागू देत. मडकं मोठं हाय.”

त्या दिवशी दोन कमळं झाली. आदल्या रात्रीच मध्य काढून ठिपके दिलेले दोरे ती उशाशी ठेवू लागली. त्याला उजेड लागत नव्हता, बोटांना कळत होतं. शाळेला सुट्टी लागली होती, उजाडलं की सुई. दुपारी मुली जमल्या की तीही त्यांच्यात बसे. शालू नावाची एक चहाटळ मुलगी होती. ती म्हणाली, “अगं, आमच्या कोंबड्या पण तुझ्यानंतर उठत्यात.” तारामती मान वर न करता म्हणाली, “तुझ्या कोंबड्यांना पंचमी न्हाय.” राजाक्का पदराआड हसली.

पंचमीच्या आदल्या सकाळी अठ्ठावीस कमळं झाली होती आणि तीन हत्ती. राजाक्का मोटारीपर्यंत पोचवायला आली. तिनं कापड उलटसुलट बघितलं आणि नेहमीसारखं परत दिलं. मग दहा-बारा दोऱ्यांची लहानशी जुडी तारामतीच्या हातावर ठेवली. सगळ्यांवर चुन्याचे ठिपके होते. “ठिपके माझे, हात तुझा,” ती म्हणाली. “जा आता.”

लढाईपायी पेट्रोल नव्हतं, मोटारी कोळशाच्या गॅसवर चालत. त्यांची मोटार संकेश्वरात बंद पडली. ड्रायव्हर कोळशाच्या टाकीला काठीनं ढोसत होता, उतारू शिव्या घालत होते. तारामती चिंचेखाली बसून हत्तीची पाठ भरत होती. दुपार कलली तरी मोटार हलली नाही. ती हलली तेव्हा हत्ती जाण्याच्या वाटेनं पुरा झाला होता, परतीचा मात्र निम्मा राहिला. हादऱ्यांत धागे मोजता येईनात. गाव आलं तेव्हा दिवे लागले होते.

पंचमीला उजाडताच ती अंगणात बसली, पण पाणी, अंघोळ, नवं परकर-पोलकं यांत सगळं घर तिला हाका मारू लागलं. बस्तीत निघायची वेळ झाली तेव्हा हत्तीचे मागचे दोन पाय राहिले होते. तुटक तुटक टाके, जसे पायांना गुडघेच नाहीत.

नेमगोंडाच्या खांद्यावर बाजारच्या पिवळ्या कापडाचं वेष्टन होतं. कडा शिवून तयार. त्यानं तिच्या कापडात डोकावून पाहिलं. “तारा, मोटार कुठवर आली?”

“परतीला लागलीया,” ती म्हणाली.

बस्तीच्या ओवरीत चौरंगांवर ग्रंथ मांडले होते. एकेक घर पुढं होत होतं. तारामती खांबाला टेकून बसली, उजेडाकडं तोंड करून. एक पाय झाला. त्यांच्या घराचं नाव पुकारलं गेलं.

नेमगोंडा पुढं झाला. बस्तीचे उपाध्ये म्हणाले, “चला, आटपा. मागं अजून नऊ घरं हायती.”

“आज्जा,” तारामती जागेवरूनच म्हणाली, “एक पाय ऱ्हायलाय. अर्धं वेष्टन घालत न्हाईत, मला ठावं हाय. पण मी थांबले न्हाय अजून.”

ओवरीत कुजबुज झाली. कुणीतरी बाई म्हणाली, “पोरीचा हट्ट बघा.” आप्पाण्णा काठी टेकत उठले. आवाजाच्या रोखानं चालत आले आणि तिच्याशेजारी फरशीवर बसले.

“उपाध्ये, आमच्या मागची घरं आधी घ्या,” ते म्हणाले. “आमचा नंबर शेवटी लावा.”

नऊ घरं झाली. त्या वेळात तारामतीनं वर पाहिलं नाही. कापडापाशी ठिपका आला, ती वळली. दुसरा दोरा, ठिपका, पुन्हा वळली. शेवटचं सुटलेलं घर भरलं, दोऱ्याचं टोक टाक्यांखाली सरकवलं आणि दातांनी तोडलं. बोटांना चुना लागला होता. तिनं तो परकराला पुसला.

आप्पाण्णांनी कापड घेतलं. एक बोट वरून, एक खालून, असं दोन्ही बाजूंनी एकदम सगळी कड चाचपत नेली. अठ्ठावीस कमळं, चार हत्ती. शेवटच्या पायापाशी बोटं थोडी रेंगाळली. मग त्यांनी कापड तिच्या हातात ठेवलं.

नेमगोंडानं खांद्यावरचं पिवळं वेष्टन काढून घडी घातली आणि चौरंगापासून बाजूला सरकला. “ये,” तो म्हणाला. “गाठ घट्ट हाय. मीच मारलीया. नखानं सोडव.”

तारामतीनं गाठ सोडली. पानं पिवळी पडली होती, अक्षरं जुन्या वळणाची, टपोरी. पहिली ओळ तिनं तोंडातल्या तोंडात वाचली. ती थांबली, बोट ओळीच्या सुरुवातीला नेलं आणि पुन्हा वाचायला लागली. ह्या वेळी मागच्या खांबापाशी बसलेल्या बायकांनाही ऐकू गेलं.