तात्या कूस बदलतात तेव्हा

विमा कंपनीत जळालेल्या गाड्यांच्या फायली तपासणाऱ्या माणसाला कुणी गाडीतल्या वायरींना हात लावायला सांगू नये. धाकट्याने हे वहिनीला फोनवर हसत हसत सांगून पाहिलं होतं.

"वहिनी, माझं काम गाडी जळून गेल्यावर सुरू होतं हो."

"दोन बोल्ट आणि एक वायर, भाऊजी. ह्यांनी अख्खी गाडी उभी केली, तुम्हाला एवढंसं यंत्र बसवता येऊ नये?"

दादाचा विषय निघाला की धाकट्याला नाही म्हणता यायचं नाही. दादाने एक जुनी मालवाहू व्हॅन घेतली होती आणि सुट्टीच्या दिवशी खपून तिचं मोटरहोम केलं होतं. आत ओटा, छोटा फ्रीज, दिवे, पंखा, मागे आडवा पलंग, सगळं स्वतःच्या हातचं. वहिनीला घेऊन तो जेमतेम एकदा फिरून आला आणि पुढच्याच महिन्यात हृदयविकाराच्या झटक्याने गेला. गाडी वर्षभर घराशेजारच्या शेडमध्ये झाकून उभी होती. मग वहिनीने एक दिवस आच्छादन ओढून काढलं आणि जाहीर केलं, की आता मी आणि तात्या फिरणार. तात्या म्हणजे तिचे वडील. वय ऐंशीच्या पुढे, ऐकू कमी, उत्साह दांडगा.

पण गाडी काही साथ देईना. बाहेर मुक्काम केला की सकाळी फ्रीज बंद, दिवे मेलेले, बॅटरी पार रिकामी. नवी बॅटरी घातली, तरी तेच. शेवटी बॅटरीच्या दुकानदाराने सुचवलं, की मॉनिटर बसवा, वीज किती येते, किती जाते ते आकड्यात दिसेल आणि चोर सापडेल.

म्हणून त्या दुपारी धाकटा शेडमध्ये गुडघ्यांवर बसला होता. गाडीच्या कुशीतली झडप उघडी होती आणि आत ती काळी, जड बॅटरी. तात्या जेवून, कानातलं यंत्र काढून, गाडीतल्याच पलंगावर झोपले होते. घरातल्या गादीपेक्षा त्यांना ती जास्त आवडायची.

"त्यांना बाहेर बोलवूया ना," धाकटा म्हणाला.

"झोपू द्या. उठले तर तुम्हाला सल्ले देत बसतील."

धाकट्याने पान्याच्या दांड्याला इन्सुलेशन टेप गुंडाळली. मग आणखी एक थर दिला. घड्याळ काढलं, बोटातली अंगठी काढून खिशात टाकली.

"लग्नाची अंगठी पण?" वहिनी हसली. "घरी कळवू का?"

तो हसला नाही. एका फायलीतला फोटो त्याच्या डोळ्यांसमोर आला होता. बॅटरीच्या दोन टोकांवर आडवा पडलेला पाना, लालभडक होऊन तिथेच चिकटलेला, आणि भोवती गाडीचा नुसता सांगाडा. त्या माणसालाही दोनच बोल्ट आवळायचे होते.

आधी निगेटिव्ह सोडायची, हे त्याने यंत्राबरोबर आलेल्या पत्रकात इतक्यांदा वाचलं होतं की पाठ झालं होतं. नट फिरला. जाड काळी केबल बाजूला झाली. आता मध्ये शंट बसवायचा होता. तळहाताएवढा धातूचा तो ठोकळा, नाक्यावर बसून जाणाऱ्या-येणाऱ्या गाड्या मोजाव्यात तशी गाडीची सगळी वीज मोजतो. त्याच्या एका टोकाला बॅटरी, दुसऱ्या टोकाला गाडीची केबल. मग एक बारीक लाल वायर पॉझिटिव्हला. शेवटचं टोक जोडताना टचकन ठिणगी उडाली. धाकटा असा मागे सरकला की त्याचं डोकं झडपेवर आपटलं.

"लागलं का?"

"नाही," तो म्हणाला. शर्ट पाठीला चिकटला होता. अशी बारीक ठिणगी उडतेच, हे त्याला माहीत होतं. दादाने मेन स्विच बसवलाच नव्हता, हेही त्याच्या मघाशीच लक्षात आलं होतं. काही झालं तर वीज तोडायला हा पाना आणि हा नट, एवढंच.

डिस्प्ले ओट्यावरच्या फळीत बसवला. वहिनीने दिवा लावला, आकडा वाढला. पंखा लावला, आणखी वाढला. ती लहान मुलीसारखी खूश झाली. मग सगळं बंद केलं. फ्रीजचा फ्यूजसुद्धा काढला. आकडा शून्यावर आला.

"झालं की! उगाच घाबरत होतात. चहा टाकते."

धाकट्याने सुस्कारा सोडला आणि हत्यारं गोळा करायला लागला. सहज नजर वर गेली. डिस्प्लेवर सहा अँपिअर.

तो पाहत राहिला. आकडा पुन्हा शून्य झाला.

"वहिनी, तुम्ही काही लावलंत?"

"कशाला हात लावलाय? सगळं बंदच आहे." तीही येऊन पाहू लागली. "नवीन यंत्रच खराब निघालं वाटतं."

हो म्हणावंसं त्याला फार वाटलं. यंत्र परत करायचं, आपण घरी जायचं. पण सहा अँपिअर म्हणजे काय, हे त्याने फायलींमध्ये वाचलेलं होतं. एवढी वीज कुठे तरी जात होती, आणि जिथे जात होती तिथे ना दिवा होता ना पंखा. म्हणजे तिथे नुसती उष्णता होती.

मागे पलंग करकरला. तात्यांनी कूस बदलली होती. सहा. मग साडेसहा.

धाकट्याने वळून पलंगाकडे पाहिलं. त्याने श्वास रोखला. तात्या घोरत पुन्हा उताणे झाले. शून्य.

"वहिनी," धाकटा म्हणाला. "तात्यांना उठवा. आत्ता."

"तात्या! अहो तात्या!" पण कानात यंत्र नव्हतं. तिने खांदा हलवला तसे ते झोपेतच कुशीवर वळले. आकडा नऊवर गेला आणि तिथेच राहिला. मग वास आला, इस्त्री कापडावर विसरावी तसा.

फायलींमधले फोटो एकामागून एक धाकट्याच्या डोळ्यांसमोरून जात होते. खिडक्यांच्या काचा वितळलेल्या, सीटच्या नुसत्या स्प्रिंगा उरलेल्या. दोघांनी मिळून तात्यांना बगलेत धरून उठवलं.

"काय झालं? आलं का गाव?" तात्या वैतागले. "माझे दात कुठायत?"

"दात राहू द्या, तात्या, आधी उतरा!"

वहिनीने त्यांना खाली नेलं. धाकटा वळसा घालून झडपेकडे धावला. पाना नटावर बसेना. एकदा, दोनदा निसटला. ह्या वेळी त्याने पॉझिटिव्हकडे बघितलंसुद्धा नाही, फक्त तो एक नट. अखेर नट सुटला आणि त्याने केबल ओढून बाजूला केली. आतला डिस्प्ले विझला.

गादी उचलली, फळी उलटी केली. फळीच्या पोटाला बशीएवढा काळा डाग होता, मध्ये कोळसा झालेला. पलंगाच्या लोखंडी चौकटीत फळी बसवताना ठोकलेला एक लांब स्क्रू खालून जाणाऱ्या लाल वायरीला घासत होता. वर कुणी कुशीवर झोपलं की फळी दबायची, स्क्रू वायरीत रुतायचा आणि वीज लोखंडी चौकटीत पाझरायची. दिवसा काहीच नाही. रात्री माणूस झोपलं की सुरू.

वहिनी मागे येऊन उभी होती. स्क्रू कुणी ठोकलाय, हे सांगायची गरज नव्हती, तरी धाकटा तोंड उघडून बंद करत राहिला.

"हे आणि मी ह्यावर झोपलो होतो," ती म्हणाली. "तीन रात्री."

"दादाला माहीत असतं तर..."

"ते कळतं हो मला." तिने डागावर बोट टेकवलं आणि लगेच मागे घेतलं. अजून गरम होता. "माझा नवरा होता, देव नव्हता. चुका सांगताना तुम्ही असे अडखळू नका. बाकीच्या फळ्या कधी उघडायच्या?"

बाकीच्या फळ्या! गाडीत जिकडे पाहावं तिकडे दादाचे स्क्रू. धाकट्याला वाटलं, आपण इथून पळून जावं. तरी पुढच्या सुट्टीला तो आला. एका वायरमनला सोबत घेऊन आला. तिघांनी गाडी आतून सोलून काढली. फ्रीजमागे आणखी एक वायर सोललेली सापडली. नवी केबल जाड नळीतून गेली, मेन स्विच बसला.

वायरमन गेल्यावर धाकटा स्वतः पलंगावर चढून आडवा झाला. वहिनी डिस्प्लेपाशी उभी राहिली. पाठीखालच्या फळीत काय चाललंय ते कानाने ऐकू येईल असं त्याला वाटत होतं. त्याने डोळे घट्ट मिटले आणि कुशीवर वळला.

"किती?"

"शून्य."

तो दुसऱ्या कुशीवर वळला. पलंग करकरला.

"आता?"

"शून्यच. उठा आता."

"थांबा," धाकटा म्हणाला, "एकदा पालथं होऊन बघतो."