अठ्ठावीस आणि साडेसत्तावीस

चौथ्या टेबलावरच्या मशिनचा पंखा थांबला होता. जाळीवर करड्या धुळीचा एक धागा लोंबत होता आणि काल सकाळपासून तो जराही हलला नव्हता. तिसऱ्या फेरीत या मशिनचा पॉवर सप्लाय जळला, त्यावरचा बुद्धिबळाचा प्रोग्राम एका गुणावर अडकला आणि मालक मशिन तिथेच टाकून घरी गेला.

पंचबाई त्या मशिनकडे बघत उभ्या होत्या. एरवी त्या कॉलेजात संख्याशास्त्र शिकवत. सात फेऱ्या संपून दोन प्रोग्राम सहा-सहा गुणांवर होते. एक औषधांच्या दुकानदाराचा, दुसरा खुद्द बाईंच्या धाकट्या भावाचा. आपापसातला डावही बरोबरीत सुटलेला. अशा वेळी ज्याच्या प्रतिस्पर्ध्यांच्या गुणांची बेरीज जास्त, तो पहिला. हा नियम बाईंनीच लिहिला होता. भावाची बेरीज अठ्ठावीस, दुकानदाराची साडेसत्तावीस. कारण पहिल्या फेरीत दुकानदाराने हरवलेला प्रोग्राम नेमका चौथ्या टेबलावरचा, गेल्या वर्षीचा विजेता. ते मशिन जळलं नसतं तर तो चार गुणांच्या खाली राहिला नसता आणि दुकानदाराची बेरीज भावाच्या पुढे गेली असती.

पहिल्याला कॉलेजचं मोठं मशिन वर्षभर वापरायला मिळणार होतं. भावाला कचेरीत बरं मशिन होतं. दुकानदार मात्र बिलं करायच्या कॉम्प्युटरवरच, दुकानाला कुलूप लावल्यावर, प्रोग्रामला सराव द्यायचा.

कुणाचं मशिन मध्येच बंद पडलं तर त्याला हरवणाऱ्याचंच नुकसान, ही नियमातली खोट दुकानदारानेच दोन वर्षांपूर्वी पत्र लिहून कळवली होती, उदाहरणासकट. बाईंनी गणित तपासलं, बरोबर निघालं. समासात ‘पुढच्या बैठकीत घ्यावे’ असं लिहिलं. त्यानंतर चार बैठका झाल्या. दर वेळी हॉलचं भाडं नाही तर प्रमाणपत्रांचा कागद आडवा आला. आणि खरं सांगायचं तर आपला नियम चुकला हे कबूल करायची बाईंना घाई नव्हती.

मागच्या खुर्च्यांवरून कुणीतरी म्हणालं, बहीण पंच आणि भाऊ विजेता, मग आम्ही दोन दिवस वीज कशाला जाळली? बाईंनी ऐकलं न ऐकलंसं केलं. आपलेच दात आणि आपलेच ओठ.

भाऊ जवळ येऊन पुटपुटला, “ताई, मला पहिला केलंस तर लोक बोलतील. दुसरा केलंस तर मी बोलेन.”

दुकानदाराचा आवाज मात्र चढला नाही. “मॅडम, माझ्याकडून चुकीची गोळी गेली तर मी निदान डॉक्टरच्या चिठ्ठीकडे बोट दाखवतो. इथे चिठ्ठीही तुमचीच.”

समितीने बक्षीस सहा-सहा महिने वाटून द्यायचं सुचवलं, कुणी आणखी एक डाव खेळवा म्हणालं. दोन्ही उपाय वाईट नव्हते. पण कोणत्या उपायाने कुणाचं भलं होणार हे आता खोलीतल्या प्रत्येकाला ठाऊक होतं, आणि आकडे पाहून झाल्यावर कसोटी निवडायची नाही, हे बाई दर वर्षी पहिल्याच तासाला शिकवत. पत्र आलं त्याच महिन्यात नियम बदलला असता तर हा प्रश्नच आला नसता.

बाई चौथ्या टेबलापाशीच लोकांकडे वळल्या. माईक घेतला नाही.

“पहिला क्रमांक माझ्या भावाच्या प्रोग्रामचा,” त्या म्हणाल्या. “आपण सगळे ज्या नियमावर खेळायला बसलो, त्याच नियमाने. तो नियम चुकीचा आहे. दुकानदारांनी ते मला दोन वर्षांपूर्वी दाखवून दिलं होतं, मला पटलंही होतं आणि मी गप्प बसले. त्याचं नुकसान आज त्यांना सोसावं लागतंय. पुढच्या स्पर्धेपासून हा नियम रद्द, आणि मीही पंच नसेन.”