भिंतीवरचा आठ फुटी कोल्हा

मित्रांनो, मी एक जुना प्रोजेक्टर आहे. भंडारा जिल्ह्यात, बपेऱ्याच्या अलीकडे, तळ्याकाठच्या एका लहान गावातल्या शाळेत, लोखंडी कपाटावर माझी जागा आहे. आपली कहाणी सांगताना आधी आपल्या कामाचा अभिमान सांगावा. तो माझ्याजवळ थोडा आहे. पण मला सांगायची आहे ती एका शनिवारची लाज.

माझी रचना साधी आहे. पोटात एक दिवा. त्याच्या पांढऱ्या प्रकाशाचे मी लाल, हिरवा, निळा असे तीन भाग करतो, त्यांत चित्र भरतो, ते पुन्हा एकत्र करतो आणि भिंगातून भिंतीवर सोडतो. संगणकावर वीतभर असलेले चित्र भिंतीवर आठ फुटांचे होते. मोठे करणे, एवढेच मला येते.

कैलाश सरांनी मला भंडाऱ्याहून एसटीने आणले, सबंध वाट मांडीवर घेऊन. पहिली दोन वर्षे मी डासाची अळी दाखवली, हृदयाच्या झडपा दाखवल्या. शाळेत खिचडी शिजवणाऱ्या मंदाबाई दारातून म्हणायच्या, "एवढा मोठा डास चावला तं माणूस उरन का, सर?" मुले हसत, आणि मला बरे वाटे.

शनिवारी शेवटच्या तासाला कार्टूनचा चित्रपट असे. त्यातली हिंदी भरभर चाले आणि लहान मुलांना कळत नसे. म्हणून सर आवाज बंद करून, माइक हातात घेऊन, सगळ्यांचे संवाद गावच्या बोलीत स्वतः बोलत. हत्ती ग्रामसभेतल्या म्हाताऱ्यासारखा खाकरे, माकड एसटीच्या कंडक्टरसारखे ओरडे. शेजारच्या गावांतही त्याचे कौतुक होते.

दिवाळीच्या सुटीआधी सरांनी जंगलाच्या राज्याची एक गोष्ट लावली. राजकुमार सिंहाला रुंद छाती होती. राजकन्या हरिणीचे डोळे अर्ध्या चेहऱ्याएवढे होते. तिच्या वाट्याला सात वाक्ये होती आणि त्यांतली चार 'वाचवा' अशी होती. आणि एक कोल्हा होता, राजाचा प्रधान. जांभळ्या पापण्या, मनगट वळवून बोलणे, कंबर हलवून चालणे. तो दुष्ट आहे हे कळावे म्हणून चित्रकाराने त्याला मोठे दात दिले नव्हते, नखे दिली नव्हती. बाईपण दिले होते.

या कोल्ह्याला सरांनी परसरामचा आवाज दिला.

परसराम म्हणजे मंदाबाईंचे दीर. धानाची शेती करणारे. दिवाळीनंतर आमच्याकडे गावोगाव मंडई, म्हणजे जत्रा, भरते, आणि मंडईत दंडार होते. दंडार म्हणजे नाचगाण्याचा खेळ. त्यात बायकांची सोंगे पुरुष घेतात. परसराम वीस वर्षे नाचत होते. त्यांचे बोलणे एरवीही मऊ, लांबवलेले. 'माय वो' म्हटल्याशिवाय त्यांचे वाक्य सुरू होत नसे. मंडई जवळ आली की बाया आपले ठेवणीतले लुगडे त्यांना स्वतः नेऊन देत, आणि कोणाचे नेसले यावरून रुसवे होत.

कोल्हा भिंतीवर आला. सर माइकमध्ये लांबवून म्हणाले, "माय वो, महाराज, मले तं लाज येते."

वर्ग हसून लोटपोट झाला. मंदाबाईंची टीना चौथीत, पुढच्याच रांगेत होती. तीही हसली. मग तिने मागे वळून पाहिले. मागच्या रांगेतला कुलदीप ओरडत होता, "टीनाचा काका आला!" ती पुन्हा हसली नाही. माझा दिवा मात्र तसाच जळत राहिला.

सुटी संपली. शाळा उघडली त्याच दिवशी दुपारी परसराम वर्गाच्या दारात आले. मुले जेवायला गेली होती.

"गुरुजी, मले तो कोल्हा दाखवा."

"राहू द्या ना, परसरामभाऊ. पोरांची गंमत होती."

"तळ्यावर पोरं माह्या मागं चालून राहिले, तसेच, कंबर हलवून. कोल्हेबाई म्हणतेत. मंग गंमत मले बी पाहू द्या."

सरांनी खिडक्या लावल्या. मी कोल्ह्याला पुन्हा आठ फुटांचा केला. परसराम उभे राहूनच पाहत होते.

"पोरं कुठं हासले?"

"इथंच. तो आला तवा."

"यानं काय केलं होतं तवर?"

"राज्य बळकावतो ना तो."

"ते मंगचं झालं. आला तवा काय केलं होतं?"

सरांनी चित्र थांबवले.

"आवाज माहा काहून देला?"

"शोभला म्हणून," सर हळू म्हणाले.

"वीस वर्सं मले बी तसंच वाटे, शोभते म्हणून." ते दाराकडे वळले. "औंदा मी नाही नाचत, गुरुजी."

पुढच्या शनिवारी सर मुलांसमोर उभे राहिले. तो आवाज आपण परसरामभाऊंचा उचलला, आपले चुकले, असे त्यांनी सांगितले. मग तोच चित्रपट पुन्हा लावला आणि कोल्ह्याचे संवाद आपल्या साध्या आवाजात बोलले. तरी कोल्हा आल्याबरोबर दोन-तीन मुले हसलीच. आवाज बदलता आला होता. पापण्यांचा जांभळा रंग, वळलेले मनगट भिंतीवर तसेच होते, आणि ते तिथे मी नेले होते.

टीनाने विचारले, "सर, मंग आता काका नाचन का?"

"मी काल घरी गेलो होतो त्यांच्या. त्यांनी धानाच्या गोष्टी केल्या, नाचाच्या नाही."

आठ दिवसांनी मंडई झाली. ढोलकीचा आवाज मला बंद वर्गातही ऐकू आला. दुसऱ्या दिवशी टीनाने सरांना सांगितले: काका आले होते, पँट-शर्ट घालून, माणसांच्या गर्दीत उभे होते. दुसऱ्याच कोणीतरी नाच केला. काका सगळा वेळ हाताची घडी घालून होते.

मित्रांनो, मी फक्त दाखवतो, असे मी स्वतःला सांगत आलो. ते खरे नाही. वीतभर हसू मी आठ फुटांचे केले.

माझ्यावरची धूळ पुसा, असे मी म्हणणार नाही. एवढेच करा. भिंतीवर कोणी आल्याबरोबर हसू फुटले, तर त्याने तोवर काय केले आहे, ते पाहा. काहीच केले नसेल, तर माझे बटण बंद करा. मला वाईट वाटणार नाही.